वाचकांचे प्रश्न : फॅटी लिव्हरमध्ये पित्ताम्लांचं काय बिनसतं?

फॅटी लिव्हरबद्दल आलेल्या पत्रांत बरेच प्रश्न पित्ताभोवती फिरणारे होते. ते या वेळी एकत्र घेतले आहेत. एकसारखे प्रश्न जोडले आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : वय ४६. सोनोग्राफीत ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ आलं आहे. मला पंधरा वर्षं पित्ताचा त्रास आहे. छातीत जळजळतं, आंबट ढेकर येतात. हेच पित्त यकृतात साचून चरबी झाली का? पित्ताच्या गोळ्या वाढवू का?

उत्तर : नाही, आणि गोळ्याही वाढवू नका. मराठीत ‘पित्त’ हा एकच शब्द आपण तीन निराळ्या गोष्टींना वापरतो, तिथेच घोटाळा होतो. छातीत जळजळलं की ‘पित्त झालं’ म्हणतो. ते असतं जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल. अंगावर लाल गांधी उठून खाज सुटली की ‘पित्त उठलं’ म्हणतो. तो असतो त्वचेत सुटलेल्या हिस्टामिनचा प्रताप. तिसरं ते खरं पित्त, म्हणजे यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा हिरवट-पिवळा रस. या सदरात आज बोलायचं आहे ते फक्त या तिसऱ्याबद्दल.

या रसात पाणी, पित्ताम्लं, लेसिथिन, कोलेस्टेरॉल आणि बिलिरुबिन असतं. रंग बिलिरुबिनचा, काम पित्ताम्लांचं. नावात ‘आम्ल’ असलं तरी त्यांचा जठरातल्या आम्लाशी काही संबंध नाही. पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या जठरातलं आम्ल कमी करतात, यकृतातली चरबी त्यांनी हलत नाही.

तरीही हे दोन्ही त्रास एकाच माणसात वारंवार दिसतात. कारण आहे पोटाचा घेर. पोटातल्या चरबीने जठरावर दाब येऊन आम्ल वर येतं, आणि तीच चरबी यकृताकडे स्निग्धाम्लं सोडत राहते. त्यामुळे घेर उतरला की दोन्हीकडे फरक पडतो.

प्रश्न : पित्त चरबी पचवतं एवढं शाळेत शिकलो. मग यकृतातल्या चरबीशी त्याचा संबंध काय? पित्त कमी पडतं म्हणून न पचलेली चरबी यकृतात जाते का?

उत्तर : न पचलेली चरबी यकृतात जात नाही, ती शौचावाटे बाहेर पडते. यकृतात साठणाऱ्या चरबीपैकी साधारण ६० टक्के शरीरातल्या चरबीच्या साठ्यांतून रक्तावाटे येते, पाव हिस्सा यकृत स्वतः साखर-पिष्टापासून बनवतं आणि ताटातल्या चरबीतून थेट येणारा वाटा जेमतेम १५ टक्के असतो. पित्ताम्लांचा संबंध मुख्यतः मधल्या हिश्श्याशी आहे, म्हणजे यकृताने नवी चरबी किती बनवायची याच्याशी. तो कसा, हे कळायला एका जेवणाचा माग काढू या.

चरबीचा घास लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचला की आतड्याच्या भिंतीतून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं. त्याच्या इशाऱ्यावर पित्ताशय आवळतं आणि त्यातलं ३० ते ५० मिलिलिटर घट्ट पित्त आतड्यात उतरतं. पित्ताम्लाच्या रेणूची एक बाजू पाण्याशी जुळवून घेते, दुसरी चरबीशी. तेलकट भांड्यावर साबण करतो तेच हे रेणू करतात : चरबीच्या थेंबाला वेढतात, त्याचे बारीक कण करतात आणि मग स्वादुपिंडातल्या लायपेज विकराला (एन्झाइमला) त्यावर काम करता येतं. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही याच वाटेने शोषली जातात.

काम झालं की ही पित्ताम्लं टाकून दिली जात नाहीत. लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात त्यांना उचलून घेणारे खास वाहक असतात. तिथून ती रक्तात, रक्तातून पुन्हा यकृतात आणि यकृतातून पुन्हा पित्तात. दर फेरीत ९५ टक्क्यांहून जास्त माल परत येतो. शरीरात एकूण साठा असतो अवघा २ ते ४ ग्रॅम, पण तो दिवसातून सहा ते दहा वेळा फिरतो. रोज अर्धा ग्रॅमच्या आसपास शौचावाटे जातं आणि तेवढी भरपाई यकृत कोलेस्टेरॉलपासून नवी पित्ताम्लं बनवून करतं. शरीराला कोलेस्टेरॉलची विल्हेवाट लावायची ही सर्वांत मोठी वाट आहे.

इथपर्यंतची गोष्ट जुनी आहे. पित्ताम्लांच्या रचनेवरच्या कामासाठी हाइनरिश वीलांड यांना रसायनशास्त्राचं १९२७चं नोबेल मिळालं. (तेव्हा मांडलेली रचना चुकीची होती आणि १९३२ मध्ये ती दुरुस्त झाली. तरीही पुढच्या सगळ्या कामाचा पाया तोच.) पित्ताम्लं साबणासारखी वागतात हे पुष्कळ काळ ठाऊक होतं. ती निरोपही पोचवतात हे मात्र १९९९ मध्ये उलगडलं. पेशीच्या केंद्रकात बसणारा एफएक्सआर नावाचा एक ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे निरोप टिपणारा रेणू) पित्ताम्लांनीच जागा होतो, हे त्या वर्षी तीन गटांनी वेगवेगळं दाखवलं.

हा एफएक्सआर जागा झाला की यकृतात काय घडतं? नवी पित्ताम्लं बनवणाऱ्या विकराचं उत्पादन उतरतं, कारण साठा पुरेसा असल्याची खबर मिळालेली असते. पित्ताम्लं पेशीतून बाहेर ढकलणारा पंप वाढतो. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं म्हणजे साखरेपासून चरबी बनवणारी यंत्रणा मंदावते. दुसरा निरोप आतड्यातून येतो. शेवटच्या भागात पित्ताम्लं शोषली जाताना तिथला एफएक्सआर जागा होतो आणि एफजीएफ-१९ हे संप्रेरक रक्तात सोडतो. ते यकृताला सांगतं, जेवण झालं आहे, पित्ताम्लं आणि चरबी बनवणं आता आवरतं घ्या. तिसरा निरोप टीजीआर-५ या दुसऱ्या ग्राहकाचा. तो आतड्यातल्या काही पेशींवर असतो आणि त्याच्यामार्फत जीएलपी-१ हे संप्रेरक सुटायला मदत होते, म्हणजे पुढे इन्शुलिनला.

फॅटी लिव्हरमध्ये हा निरोपच नीट पोचत नाही. इन्शुलिनला दाद न देणारं यकृत एफजीएफ-१९लाही पुरेशी दाद देत नाही, त्यामुळे जेवण झाल्यावरही पित्ताम्लांचं उत्पादन चालू राहतं. जी बनतात त्यांचं मिश्रणही बदलतं : कोलिक आम्लाचा वाटा वाढतो आणि एफएक्सआरला सर्वांत जोरात जागं करणाऱ्या किनोडिऑक्सिकोलिक आम्लाचा वाटा घटतो. आतड्यातले जीवाणू कोलिक आम्लाचं डिऑक्सिकोलिक आम्ल करतात. ते जास्त चरबीप्रेमी, म्हणून पेशींच्या आवरणाला आणि मायटोकॉन्ड्रियाला जास्त त्रासदायक. चरबीने आधीच फुगलेल्या पेशीला असा मार झेपत नाही. ती सुजते, मरते आणि तिच्या जागी व्रणासारखे तंतू येतात (हीच तंतुमयता). नुसती चरबी आणि खरा आजार यांत फरक पडतो तो याच टप्प्यावर.

प्रश्न : मी जीवरसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. फॅटी लिव्हरच्या रुग्णांच्या रक्तात पित्ताम्लं वाढलेली असतात असं वाचलं. मग एफएक्सआर आधीच जोरात जागा असायला हवा ना? आणि ही वाढ आजाराचं कारण की परिणाम?

उत्तर : प्रश्न अगदी नेमका आहे. रक्तातली बेरीज आणि पेशीला मिळणारा निरोप यांत अंतर आहे, कारण सगळी पित्ताम्लं सारखी नसतात. किनोडिऑक्सिकोलिक आम्ल एफएक्सआरला चांगलं उठवतं, डिऑक्सिकोलिक आणि लिथोकोलिक बेताचं, कोलिक फारच कमी आणि अर्सोडिऑक्सिकोलिक जवळपास उठवतच नाही. त्यामुळे बेरीज वाढूनही निरोप कमजोर राहू शकतो. शिवाय रक्तातली वाढ म्हणजे बऱ्याचदा यकृताने आतड्याकडून आलेला माल नीट उचलला नाही, एवढाच अर्थ असतो.

कारण की परिणाम, याचं आमचं उत्तर असं : ठिणगी इन्शुलिनला दाद न देण्याची, पित्ताम्लं आगीत तेल ओततात. इन्शुलिनचा धाक कमी झाला की सीवायपी-८बी-१ हे विकर वाढतं. कोलिक आम्लाचा वाटा ठरवणारं विकर हेच. म्हणजे मिश्रणातला बदल बऱ्याच अंशी परिणाम आहे. पण एकदा मिश्रण बदललं की चरबी बनवण्यावरचा लगाम सैल होतो, आणि तिथून तेच कारणही बनतं. माणसांवरच्या पाहण्यांत आकडे एकसारखे येत नाहीत. वजन, मधुमेह आणि तंतुमयतेची पायरी सारखी करून तुलना केली की बराचसा फरक विरघळतो. प्रबंध वाचताना ही जुळवणी केली आहे का, ते आधी बघा. आणि उंदरांचे निष्कर्ष माणसांना लावताना फार जपून : उंदरांत म्युरिकोलिक आम्ल मुबलक असतं आणि त्याचं एक रूप एफएक्सआरला उलट अडवतं.

एक जुनं निरीक्षण लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९७०च्या दशकात पित्ताचे खडे विरघळवायला किनोडिऑक्सिकोलिक आम्ल देत, तेव्हा रुग्णांचे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) उतरत. पित्ताम्लं बांधून बाहेर काढणारी औषधं दिली की ते चढत. एफएक्सआरचा पत्ता लागण्याच्या कितीतरी आधी त्याचं काम असं दवाखान्यात दिसलं होतं.

प्रश्न : वजन ७० किलो. फॅटी लिव्हरसाठी मला अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या ३०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा दिल्या आहेत. तीन महिन्यांत एसजीपीटी ९२ वरून ५८ वर आलं. आयुष्यभर घेऊ का?

उत्तर : फक्त फॅटी लिव्हरसाठी हे औषध उपयोगी ठरलेलं नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १६६ रुग्णांना दोन वर्षं शरीराच्या दर किलोमागे १३ ते १५ मिलिग्रॅम हे औषध किंवा औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी दिली. आधी आणि नंतर यकृताचा तुकडा तपासला. दोन्ही गटांत फरक निघाला नाही. आणि एसजीपीटी, म्हणजे रक्तात मोजलं जाणारं यकृताचं एन्झाइम? ते दोन्ही गटांत उतरलं. चाचणीत आलेला माणूस खाण्यापिण्याकडे लक्ष देतो, त्याने ते उतरतं. तुमच्या वजनाला चाचणीतला डोस ९१० ते १०५० मिलिग्रॅम होतो. तुम्ही घेताय ६००, म्हणजे उपयोगी न ठरलेल्या डोसपेक्षाही कमी. नंतर याच्या दुप्पट डोसच्या चाचण्या झाल्या. एन्झाइम काही ठिकाणी अधिक उतरले, पण रोगाची घडण सुधारल्याचं खात्रीने दिसलं नाही.

असं का, हे वरच्या उत्तरातून समजेल. हे पित्ताम्ल सौम्य, पाण्यात मिसळणारं आहे. साठ्यातल्या जहाल पित्ताम्लांची जागा घेऊन ते पेशींचा जाच कमी करतं. पण एफएक्सआरला उठवत नाही, म्हणून चरबीचा कारखाना चालूच राहतो. (नावातला ‘अर्सस’ म्हणजे लॅटिनमध्ये अस्वल. अस्वलाच्या पित्तात हे भरपूर असतं. आजची गोळी मात्र गुरांच्या पित्तातल्या कोलिक आम्लापासून कारखान्यात बनवतात.)

हे औषध खरं कामाला येतं ते दुसरीकडे. प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस या यकृतातल्या बारीक पित्तनलिकांच्या आजारात दर किलोमागे १३ ते १५ मिलिग्रॅम, आणि तेही आयुष्यभर. पित्ताशय नीट आवळत असेल, खडे लहान आणि कॅल्शियम नसलेले असतील तर ते विरघळवायला दर किलोमागे ८ ते १० मिलिग्रॅम. आणि झपाट्याने वजन उतरताना खडे होऊ नयेत म्हणून. त्यामुळे आधी डॉक्टरांना विचारा, ही गोळी नक्की कशासाठी चालू आहे? कारण यांपैकी एखादं असेल तर ती मनाने थांबवायची नाही. ‘फक्त फॅटी लिव्हर’ हेच कारण असेल तर ती पुढे ठेवावी का, हे त्यांच्याशी मोकळेपणी बोला. एसजीपीटी अजून ५८ आहे, आणि ते पूर्ण उतरलं तरी तंतुमयता गेली असा अर्थ होत नाही. ती वेगळी मोजावी लागते, कशी ते पुढे दिलं आहे.

प्रश्न : एफएक्सआरला उठवणारं औषध निघालं होतं म्हणे. ते का मिळत नाही?

उत्तर : ओबेटिकोलिक आम्ल. किनोडिऑक्सिकोलिक आम्लाला एक छोटी जोड देऊन ते एफएक्सआरला मूळ रेणूच्या शंभरेक पट जोराने उठवणारं केलं. २०१९ मध्ये त्याच्या मोठ्या चाचणीचे १८ महिन्यांचे आकडे आले. मध्यम ते पुढच्या पायरीची तंतुमयता असलेले ९३१ रुग्ण. आजार न बिघडता तंतुमयता किमान एका पायरीने सुधारली ती २५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत २३ टक्क्यांची, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत १२ टक्क्यांची. म्हणजे शंभरांत अकरांना जास्तीचा फायदा. त्याच वेळी खाज सुटली औषधवाल्यांत ५१ टक्क्यांना, दुसऱ्या गटात १९ टक्क्यांना. म्हणजे शंभरांत बत्तीस जणांना जास्तीची खाज. एलडीएल कोलेस्टेरॉलही वाढलं, आणि ते वाढणारच होतं : पित्ताम्लं बनवणं थांबवलं की कोलेस्टेरॉलची बाहेरची वाट अरुंद होते. फॅटी लिव्हरच्या रुग्णाला सर्वांत मोठा धोका हृदयविकाराचा असतो, त्यामुळे ही वाढ क्षुल्लक नव्हती. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी या आजारासाठी परवानगी नाकारली आणि कंपनीने या आजारापुरतं काम थांबवलं.

त्यानंतर तिथे दोन औषधांना मान्यता मिळाली : मार्च २०२४ मध्ये रेसमेटिरोम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड. दोन्ही सिऱ्होसिस (यकृत तंतूंनी निबर होण्याची शेवटची पायरी) नसलेल्या, मध्यम ते पुढच्या तंतुमयतेच्या रुग्णांसाठी. पहिलं यकृतातल्या थायरॉइड ग्राहकावर काम करतं, दुसरं जीएलपी-१च्या. दोन्ही पित्ताम्लं नाहीत. तरी आमच्या मते एफएक्सआरचा मार्ग संपलेला नाही, निरोप पोचवताना कोलेस्टेरॉल आणि खाज कशी टाळायची एवढंच तिथे अडलं आहे.

प्रश्न : फॅटी लिव्हर कळल्यावर मी तेल-तूप पूर्ण बंद केलं आणि दोन महिन्यांत ९८ वरून ८४ किलोवर आलो. यकृत सुधारलं, पण आता पित्ताशयात खडे निघाले! चांगलं करायला गेलो ते वाईट कसं झालं?

उत्तर : तुमची मेहनत वाया गेलेली नाही. चुकला तो फक्त वेग. दोन महिन्यांत १४ किलो म्हणजे आठवड्याला दीड किलोच्या वर. आठवड्याला दीड किलोहून जास्त उतरलं की खड्यांचा धोका झपाट्याने चढतो.

पित्तात कोलेस्टेरॉल विरघळून राहतं ते पित्ताम्लं आणि लेसिथिनच्या जोरावर. वजन पटकन उतरतं तेव्हा चरबीच्या साठ्यांतलं कोलेस्टेरॉल सुटून यकृतात येतं आणि पित्तात ओतलं जातं. पित्ताम्लं तेवढ्या प्रमाणात वाढत नाहीत, त्यामुळे कोलेस्टेरॉलचे स्फटिक धरायला लागतात. त्यात तुम्ही चरबी पूर्ण बंद केलीत. चरबी नाही तर कोलेसिस्टोकायनिन नाही, आणि ते नाही तर पित्ताशय आवळत नाही. आत पडून राहिलेलं पित्त घट्ट होत जातं, स्फटिक एकमेकांना चिकटतात आणि आधी चिखल, मग खडे. पाकात साखर जास्त झाली आणि भांडं हलवलं नाही की तळाशी खडे धरतात, तसंच.

म्हणून वजन उतरवणाऱ्या प्रत्येकाने तीन गोष्टी पाळाव्यात. एक, दिवसातल्या किमान एका जेवणात सुमारे १० ग्रॅम, म्हणजे दोन चहाचे चमचे भरून तेल किंवा तूप असू द्या. पित्ताशय नीट रिकामं व्हायला तेवढं पुरतं. दोन, जेवणांत फार मोठी पोकळी नको. रोज वीस-बावीस तासांचे उपास टाळा. तीन, वेग आठवड्याला अर्धा ते एक किलो ठेवा. यकृताला याहून घाई नसते : शरीराच्या वजनात ३ ते ५ टक्के घट झाली की चरबी उतरू लागते, ७ ते १० टक्के घटीने दाह उतरतो, १० टक्क्यांहून जास्त घटली तर तंतुमयतेतही सुधारणा दिसू शकते. ९८ किलोच्या माणसाला १० टक्के म्हणजे ९.८ किलो. सहा महिन्यांत विभागले तर आठवड्याला जेमतेम ४०० ग्रॅम.

स्थूलतेच्या शस्त्रक्रियेनंतर वजन आपल्या हातात नसल्यासारखं उतरतं. तिथे पहिले सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल दिवसाला ५०० ते ६०० मिलिग्रॅम देतात आणि त्याने खडे होण्याचं प्रमाण स्पष्ट घटतं. सेमाग्लुटाइडच्या जातीच्या इंजेक्शनांनीही पित्ताशयाचे त्रास वाढतात, म्हणून डोस हळूहळू चढवायचा.

तुमचे खडे दुखत नसतील तर ते नुसते आहेत म्हणून शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत. पण उजव्या बरगडीखाली काही तास न थांबणारी कळ, थंडी वाजून ताप, डोळ्यांत पिवळेपणा, गडद लघवी किंवा मातकट-पांढरी शौच, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : पित्ताशय काढल्यावर फॅटी लिव्हर होतं का?

उत्तर : पित्ताशय काढलेल्यांत फॅटी लिव्हर थोडं जास्त आढळतं, हे मोठ्या पाहण्यांत दिसलं आहे. पण खडे आणि फॅटी लिव्हर दोघांची मुळं एकच, स्थूलता आणि इन्शुलिनला दाद न देणं. त्यामुळे दोष शस्त्रक्रियेवर किती टाकायचा, हा प्रश्न उरतो. पित्ताशय नसलं की पित्त साठत नाही, सतत झिरपत राहतं. साठा जास्त फेऱ्या मारतो, जीवाणूंच्या तावडीत जास्त वेळ सापडतो आणि डिऑक्सिकोलिक आम्लाचा वाटा वाढतो. निरोपाची जेवणागणिक चढ-उतारही बोथट होते. हा फरक खरा आहे, पण या भीतीने दुखणाऱ्या खड्यांची शस्त्रक्रिया लांबवू नका. त्यानंतरचं पहिलं वर्ष वजनावर लक्ष ठेवा. काहींना पातळ शौचाचा त्रास होतो, तो बहुधा काही आठवड्यांत थांबतो. न थांबल्यास पित्ताम्लं बांधणारी पूड देतात.

प्रश्न : कोलेस्टेरॉलसाठी कोलेस्टिरामिनची पूड घेते. ती पित्ताम्लं बाहेर काढते, तर यकृतातली चरबीही कमी होईल ना? थायरॉइडची गोळीही चालू आहे.

उत्तर : ऐकायला पटतं, पण तसं होत नाही. याच जातीच्या कोलेसेवेलामची एमआरआयने चरबी मोजून चाचणी झाली तेव्हा ती घटण्याऐवजी किंचित वाढलेली निघाली. पित्ताम्लं बांधली गेली की आतड्यात एफएक्सआरचा निरोप क्षीण होतो, एफजीएफ-१९ उतरतं, आणि यकृत पित्ताम्लांबरोबर ट्रायग्लिसराइडही जास्त बनवू लागतं. एलडीएल उतरतं हे खरं, त्यासाठी डॉक्टरांनी दिली असेल तर घ्या. ट्रायग्लिसराइड ५०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर मात्र हा विषय त्यांच्याकडे आधी काढा. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या फॅटी लिव्हरमध्ये चालतात, ‘यकृत बिघडेल’ या धास्तीने त्या बंद करू नका.

आता वेळ. ही पूड समोर येईल ते औषध बांधते. इतर गोळ्या तिच्या किमान एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्या. थायरॉइडची गोळी पहाटे उठल्या उठल्या, आणि पूड तिच्यानंतर चार तासांनी, असं साधतं. पूड कधीही कोरडी तोंडात टाकायची नाही, घशात अडकते. पेलाभर पाण्यात भिजू द्या, ढवळून मग प्या.

प्रश्न : रक्तातली पित्ताम्लं मोजून घेऊ का? वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २ लाख १० हजार.

उत्तर : फॅटी लिव्हरसाठी नको. उपाशीपोटीचा आकडा साधारणतः १० मायक्रोमोलच्या आत असतो, जेवल्यावर कित्येक पट चढतो, आणि फॅटी लिव्हरची पायरी त्यावरून ठरत नाही. तुम्हाला हवा असलेला आकडा तुम्ही पाठवलेल्या अहवालातच दडला आहे. त्याला फिब-४ म्हणतात : वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट हजारांत गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). ५२ गुणिले ४८ म्हणजे २४९६. ६४चं वर्गमूळ ८, २१० गुणिले ८ म्हणजे १६८०. भागाकार १.४९.

१.३ च्या खाली असता तर पुढे गेलेली तंतुमयता जवळपास नाही असं धरून एक ते तीन वर्षांनी पुन्हा मोजा म्हटलं असतं. २.६७ च्या वर असता तर यकृततज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात, म्हणून फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा ताठरपणा मोजणारी तपासणी, करा. त्याआधी तीन तास काही खाऊ नका, भरल्या पोटी आकडा खोटा चढतो. ८ किलोपास्कलच्या आत आला तर धोका कमी. ८ ते १२ मध्ये पुढच्या तपासण्या. १२ च्या वर गेला तर थांबू नका. पासष्टीनंतर फिब-४ साठी १.३ ऐवजी २ ही खालची रेषा धरतात, आणि पस्तिशीच्या आत हे गणित भरवशाचं नाही.

प्रश्न : फॅटी लिव्हर आहे आणि रात्री तळहात-तळपाय खाजतात. ही पित्ताम्लं का?

उत्तर : साध्या फॅटी लिव्हरने खाज सुटत नाही. त्यामुळे ‘लिव्हरमुळेच असेल’ म्हणून सोडून देऊ नका. पुरळ नसताना तळहात-तळपायांना रात्री वाढणारी खाज म्हणजे पित्ताचा प्रवाह कुठेतरी तुंबल्याची खूण असू शकते. अल्कलाइन फॉस्फटेज, जीजीटी आणि बिलिरुबिन तपासा, सोनोग्राफीत पित्तनलिका रुंदावली आहे का ते बघायला सांगा. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं निघालं तर एएमए ही प्रतिपिंडांची चाचणी पुढची पायरी. हीच खाज गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत सुटली तर मात्र रक्तातली पित्ताम्लं त्याच दिवशी मोजायची असतात. तिथे आकडा १०० मायक्रोमोलला पोचला तर पोटातल्या बाळाच्या जिवाला धोका असतो, आणि प्रसूती कधी करायची हे त्यावरून ठरवतात.